पाइप कोणाच्या हातात?

आमच्या घरी झाडं कमी आणि पाणी घालणारे जास्त. नागपूरच्या उन्हाळ्यात ही चैनच म्हणायची. पारा ४५च्या वर जातो, २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा लागतो आणि त्या नऊ दिवसांत दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवायची कोणाची छाती होत नाही. अशा दिवसांत कुंड्यांची पाच जणांनी पाच वेळा विचारपूस केली तर तक्रार कसली, असं तुम्ही म्हणाल. माझी काहीच नाही. झाडांची आहे. आमच्या गच्चीवरून गेलेल्या झाडांपैकी तहानेनं गेलेली थोडी. बहुतेक पाहुणचारानं गेली.

पहिला मान आईचा. आंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला. हे ती माझ्या जन्माच्या आधीपासून करते, त्यामुळे त्यावर मला मत असण्याचा प्रश्नच नाही. पण तुळशीचा कारभार आता एकट्या आईच्या हातात राहिलेला नाही. संध्याकाळी दिवा लावायला जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बायको फुलपात्र भरून नेते. शेजारच्या वहिनींच्या घराला ऊन येणारी जागा नाही, म्हणून त्यांचं पुण्यही आमच्याच वृंदावनात जमा होतं. कामाला येणाऱ्या मावशी रात्रीच्या बाटल्यांत उरलेलं पाणी "वाया कायले घालवा" म्हणत तिथंच रिकामं करतात. त्यात वैशाख. देवळात पिंडीवर गळती बांधतात, तशी आईनं तुळशीवरही एक टांगली. तांब्याचं भांडं, बुडाला बारीक भोक, दिवसभर थेंब थेंब.

या गळतीचा मला एकेकाळी फार अभिमान होता. ठिबक सिंचनाचा कारखाना इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झनं सिम्खा ब्लास यांच्यासोबत १९६५ साली काढला. आमच्या महादेवाच्या डोक्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून थेंब पडतो आहे, हे मी पाहुण्यांना ऐकवत असे. फक्त एक गोष्ट त्यात सांगायची राहून जाई. पिंडीला पाणी जास्त झालं म्हणून काही होत नाही.

तुळशीला होतं. तिची पानं पिवळी पडू लागली. तुळस वाळणं म्हणजे घरावर काहीतरी येणार, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक असल्यामुळे लगेच उपाय सुरू झाले. आईनं दुसरा तांब्या सुरू केला. बायकोनं पाण्यात चमचाभर दूध घातलं. वहिनींनी त्यांच्या गुरुजींना विचारलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ जल अर्पण करायला सांगितलं. तुळस आणखी पिवळी पडली. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे संशयानं पाहायला सुरुवात केली. कोणाची तरी नजर, कोणाचं तरी विटाळलेलं पाऊल, मुलाचा इंजिनीअरिंगचा राहिलेला पेपर. सगळ्यांचा हिशेब लागला, पाण्याचा सोडून.

बायकोचा वेगळा संप्रदाय आहे. स्वयंपाकघरातलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, पालक धुतलेलं पाणी हे सगळं पातेल्यात साठतं आणि वर जातं. इथवर मी तिच्या बाजूचा आहे. अशा पाण्यानं झाडाचं काही बिघडत नाही. दुधाचं पातेलं विसळून ती जास्वंदीत ओतू लागली तेव्हा मात्र जास्वंदीत मुंग्यांची वसाहत झाली. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं फेकून द्यायचं पाणी ती बादलीत धरते, तेही झाडांनाच. आणि याच्यावर कळस म्हणजे कूलर. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मेमध्ये माणूस कूलरच्या आधारानं जगतो. पंप टाकीतलं तेच पाणी दिवसभर वाळ्यावर चढवतो, वारा त्यातलं नुसतं पाणी उडवून नेतो आणि त्यातले क्षार टाकीत राहतात. वरून नवं पाणी भरत राहायचं, क्षार साचत राहायचे. आठवड्यानं टाकी धुवायला काढली की तळाला जे उरतं ते जवळजवळ खारंच. ते बायकोनं मोठ्या मायेनं गोडलिंबाला घातलं. गोडलिंबाच्या पानांच्या कडा करपल्या आणि दोष उन्हाला गेला. कूलरचं पाणी नव्हे, एसीचं पाणी झाडाला द्यावं, ते हवेतून निथळलेलं असतं आणि त्यात क्षार नावाला नसतात, हे मी सांगून पाहिलं. "मग एसी घेऊ या," असं उत्तर आल्यावर मी विषय सोडला.

मुलाला हा सगळा प्रकार अडाणीपणाचा वाटतो. त्यानं पॉकेटमनीतून काळी नळी, तासाला दोन लिटर सोडणारे ड्रिपर आणि एक टायमर आणला. हिशेब त्याचा चोख होता: रोज पहाटे साडेपाचला पंधरा मिनिटं, प्रत्येक कुंडीला अर्धा लिटर, मोठ्या कुंडीला दोन ड्रिपर. त्यानं भिंतीवर तक्ताही लावला. आता कोणीही हातानं पाणी घालायचं नाही, असं त्यानं जाहीर केलं. सगळ्यांनी कौतुक केलं. आणि ज्याची त्याची सवय चालूच राहिली, कारण टायमरनं घातलेलं पाणी कोणी पाहिलेलं नव्हतं. आईचं म्हणणं सरळ होतं: "त्या नळीला काय कळतं तहान?"

ही अशी स्थिती असताना मे महिन्यात बायकोचे मामा आले.

मामा वरुडकडचे, संत्र्याची बाग असलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. गावात सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की डोळ्याचं काम हिवाळ्यात करतात. मामांचं गणित निराळं. हिवाळ्यात बागेत काम असतं, मेमध्ये नसतं. त्यांची बाग मृग बहाराची. एप्रिल-मेमध्ये झाडांचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळूही द्यायची. मग मृगाचा पाऊस पडला की ताण तुटतो आणि झाड फुलांनी भरून येतं. आंबिया बहार धरणारे हाच ताण डिसेंबर-जानेवारीत देतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. थोडक्यात, ऐन उन्हाळ्यात मामांना बागेत एकच काम होतं, पाणी न देणं, आणि ते काम नागपुरात बसूनही करता येत होतं.

ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर झाकण, वर काळा गॉगल, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते गच्चीवर उभे होते.

तुळशीपाशी गेले. हात जोडले, चप्पल काढली आणि मातीत बोट खुपसलं. दोन पेरं. बोट बाहेर काढून नाकाजवळ नेलं. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"जवाईबापू, हे झाड वाळून नाही राहिलं. बुडून राहिलं."

मग एका डोळ्यानं त्यांनी मला जे शिकवलं, ते इतक्या वर्षांत दोन डोळ्यांनी वाचूनही कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही, पुस्तकात होतंच. पण घरात ते ऐकलं जायला माणूस वरुडचा लागला. मुळीला हवा लागते. मातीच्या कणांमधली जागा थोडी पाण्यानं भरलेली आणि थोडी मोकळी असली की मुळी श्वास घेते. शेतकरी त्याला वाफसा म्हणतो आणि त्याच्यासाठी दिवसदिवस बांधावर बसून राहतो. ती मोकळी जागाही पाण्यानं भरली की मुळी गुदमरते, सडते. सडलेल्या मुळीला पाणी ओढता येत नाही. म्हणजे खाली तळं आणि वर पानं तहानलेली. झाड माना टाकतं, माणूस तांब्या घेऊन धावतो. पाणी कमी झालेलं झाड आणि जास्त झालेलं झाड दोन्ही सारखीच दिसतात, ही निसर्गाची खरोखर मोठी खोडी आहे. बोट घातल्याशिवाय फरक कळत नाही, आणि वृंदावनात बोट घालायची आमच्याकडे कोणाची हिंमत नव्हती.

वृंदावनाचं पाणी बाहेर का जात नाही, तेही मामांनीच शोधलं. पावसाळ्याआधी गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं होतं. काम करणाऱ्यांनी गळती बंद करायचं काम इतकं मनावर घेतलं की वृंदावनाच्या बुडाचं भोकही लिंपून टाकलं. मुलानं मोठा खिळा आणि हातोडी आणली. लेप फुटला तेव्हा जे काळं, वास मारणारं पाणी आलं, ते पाहून आई म्हणाली, "बाई गं." वहिनी काही न बोलता घरी गेल्या.

त्यानंतर मामांचं वजन घरात फार वाढलं. ते रोज सकाळी फेरी मारत आणि आम्ही मागून चालत असू. पुढारी निरीक्षणाला आले की मागे अधिकारी चालतात, तसं. काही कुंड्यांत बायकोच्या माहेरची काळी माती होती. काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर. माणसाला वाटतं, वा, कुंडी तृप्त झाली. प्रत्यक्षात मधला गोळा कोरडा ठणठणीत. मामांनी अशी एक कुंडी उचलून दाखवली. हलकी होती. मग घमेल्यात पाणी घेऊन ती त्यात बसवली. बुडबुडे येत राहिले, बराच वेळ. बुडबुडे थांबल्यावर बाहेर काढली तेव्हा ती मला उचलवेना. त्यानंतर मी कुंड्या उचलूनच पाहतो. पाठीला चांगलं नाही, पण खात्रीचं आहे.

लिंबाच्या कुंडीत मुलाचा ड्रिपर अगदी खोडाला टेकलेला होता. मामांनी तो कडेला सरकवला. संत्र्या-लिंबाच्या बुडाला सतत ओल राहिली की डिंक्या होतो, साल फुटून डिंक वाहतो. म्हणून बागेत दुहेरी आळं करतात, आतलं कोरडं, बाहेरच्यात पाणी. पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या खोडापाशी नसतातच, बाहेर घेराखाली असतात. मी आजवर प्रत्येक झाडाला पाणी बरोबर खोडावरच धार धरून घातलेलं पाहिलं आहे. घरचे, शेजारचे, बागेतले माळीसुद्धा.

भोपळ्याच्या वेलाचं नाटक तर त्यांनी एका वाक्यात उघडं पाडलं. दुपारी दीडला वेलाची पानं छत्री मिटल्यासारखी लोंबत आणि ज्याला दिसेल तो बादली घेऊन पळे. इतक्या उन्हात पान जेवढं पाणी उडवतं तेवढं मुळीला पुरवता येत नाही, माती ओली असली तरी. ऊन उतरलं की वेल आपणच उभा राहतो. "दुपारचं झाड पाहू नोका. सकाळी सहाले पाहा. सहाले मान टाकली असंन, तर मग पाणी." बायकोचा चेहरा पडला. कारण भोपळ्याला जीवदान दिल्याचं श्रेय ती रोज संध्याकाळी घेत होती.

दुपारी पाणी घालू नये यावर मात्र मामा आणि मुलगा यांचं जुंपलं. आईनं आयुष्यभर सांगितलं होतं की भर उन्हात पानावर थेंब पडला तर तो भिंगाचं काम करतो आणि पान भाजतं. मुलानं मोबाइल काढला. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी हे तपासून २०१० साली शोधनिबंध लिहिला आहे: गुळगुळीत पानावरच्या थेंबानं पान भाजत नाही, केसाळ पानांवर थेंब केसांच्या टोकाशी अधांतरी राहिला, तरच भाजण्याचा संभव. आई म्हणाली, हंगेरीत ऊन किती पडतं? हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी एक वाजता गच्चीवर पडलेला पाइप उचलून मुलाच्या हातावर धरला. आत साठलेलं पाणी चहाचं आधण ठेवल्यासारखं निघालं. "पान नसंन भाजत, बाप्पा. मुळी उकडते." तेव्हापासून गच्चीवरच्या टाकीचं पाणीही पहाटेच घ्यायचं ठरलं, रात्रभरात ते जरा माणसांत आलेलं असतं.

संध्याकाळी घातलं तरी चालतं का, हे मी विचारलं. चालतं, पण पानं भिजवायची नाहीत. रात्रभर ओली राहिली की बुरशी. आणि घालायचं तर दोन हप्त्यांत. आधी थोडं, मातीनं तोंड उघडेपर्यंत थांबायचं, मग सावकाश, खालच्या भोकातून येईपर्यंत. बशीत साठलेलं ओतून टाकायचं. रोज वरवर शिंपडलं की मुळ्या वरच राहतात आणि एखाद्या दिवशी पाणी चुकलं तर पहिल्या उन्हात मरतात. वर पालापाचोळ्याचं आणि नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन घातल्यापासून तर आमच्या मिरच्या एक दिवसाआड पाण्यावर राहू लागल्या. नागपुरात, मेमध्ये. शेजारी पाहायला आले.

बोगनवेलीला त्यांनी सरळ ताण दिला. तिला तीन वर्षं नुसता पाला येत होता आणि आम्ही खत बदलत होतो. "भरल्या पोटी झाड फुलत नाही," असं म्हणून त्यांनी तिचा ड्रिपर काढून तोंडात लाकडाची खुंटी ठोकली. मोगऱ्याचं मात्र ऐन फुलण्याचे दिवस, त्याला हात लावला नाही. त्याचा ताण हिवाळ्यातला, छाटणीच्या वेळचा.

याच सुमारास ठिबक बंद पडलं. निम्मे ड्रिपर गप्प. मुलानं टायमर उघडला, पंप तपासला, यूट्यूबवर तासभर काहीतरी पाहिलं. आमच्या बोअरच्या पाण्यात चुना भरपूर, तो ड्रिपरच्या तोंडाशी बसला होता. "बागेत आमी आसिड सोडतो," मामा म्हणाले, "इथं शिरका चालंन." ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि सकाळी मामा सुई घेऊन एकेकाचं तोंड मोकळं करायला बसले. बळीच्या दानाच्या वेळी शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि वामनानं दर्भाची काडी घालून त्यांचा एक डोळा घालवला, हे लहानपणी ऐकलेलं. आमच्याकडे एक डोळा झाकलेले गृहस्थच काडी घेऊन तोटीतले शुक्राचार्य शोधत होते. डॉक्टरांनी बारीक काम करू नका म्हणून सांगितलंय, असं बायको ओरडली. मामा म्हणाले, बारीक कुठं आहे, चार नंबरची सुई आहे.

राहता राहिली तुळस. भोक मोकळं झालं तरी तांबे चालूच होते आणि आईला 'कमी घाल' कोण सांगणार? मी अत्यंत नास्तिक माणूस, पण माणूस अडला की धर्मग्रंथ उघडतो. रविवारी आणि एकादशीला तुळशीला पाणी घालू नये, तिचा त्या दिवशी उपास असतो, असं मानणारे पुष्कळ लोक आहेत. मी हे जेवताना सहज म्हणून बोललो. आईनं संशयानं पाहिलं. मामांनी एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुजोरा दिला, "आमच्याकडे तं कडक पाळतात." वहिनींनी गुरुजींना फोन केला, गुरुजींनाही ते ठाऊक होतं. झालं. रविवार तुळशीचा सुट्टीचा दिवस ठरला. गळती उतरून देवघरात गेली. आता शास्त्र म्हटल्यावर सुनेनं सासूच्या वर एक फुलपात्र घालायचं नाही, हेही ओघानं आलं. महिना संपायच्या आत तुळशीला नवी पालवी फुटली आणि घरावरचं संकट टळलं. मुलाचा राहिलेला पेपरही त्याच सुमारास निघाला, हे आई सगळ्यांना सांगते.

मामांचं मात्र काही खरं दिसत नव्हतं. डोळा सुधारला तसं त्यांना करमेना. घरी फोन लावून "आभाळ आलं का" विचारायचं, "नाही" ऐकायचं आणि ठेवून द्यायचा. चाळीस वर्षं रोज पाण्यात उभं राहिलेला माणूस, तिकडे बागेला पाणी द्यायचं नाही आणि इकडे टायमर पाणी देतो. गॉगल लावून ते गच्चीच्या कठड्याला टेकून बसत आणि पाइपच्या गुंडाळीकडे पाहत.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वरून पाण्याचा आवाज आला. वर गेलो. मामा धोतर खोचून, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून उभे. पाण्याचा रुंद पंखा गच्चीभर फिरत होता. मिरच्या, लिंबाचं खोड, ताणावरची बोगनवेल, वहिनींची भिंत. पानं, फांद्या, सगळं ओलं. ऊन पिऊन बसलेल्या फरशीतून वाफ निघत होती आणि त्या वाफेत मामांचा चेहरा फार प्रसन्न होता.

"मामा, बोगनवेलीला ताण दिलाय ना?"

"झाडाले कोण टाकून राहिलं? गच्ची थंडी करून राहिलो. रात्री झोपाले बरं."

एवढ्यात पाण्याचा पंखा वृंदावनावरून गेला. आई दारात येऊन उभी होती. "अहो, आज रविवार आहे," ती म्हणाली.

मामांनी अंगठा जरा जास्तच दाबला.

"गच्चीले कायचा रविवार, ईनबाई?"